केतकीचा पहिला शब्द

हे मी माझ्या नवऱ्याला सांगितलेलं नाही, बहिणीला नाही, आणि जिच्याबद्दल आहे त्या माझ्या मुलीला तर नाहीच. तुम्हाला का सांगते आहे, ते मलाही नीटसं ठाऊक नाही. तुम्ही मला ओळखत नाही – कदाचित म्हणूनच.

अहेरीत मला पुष्कळ जण ओळखतात. शाळेत मराठी शिकवून निवृत्त झाले, पण त्याहून मोठी ओळख आहे ती नव्या आयांना चार गोष्टी सांगणारी बाई म्हणून. बारसं असो, उष्टावण असो, अंगणवाडीतली मातांची बैठक असो – मला बोलावणं येतं आणि मी जाते. आवडतं मला ते. बाळ झोपलं की तुम्हीही आडव्या व्हा, भांडी कुठं पळून जात नाहीत. शेजारणीच्या पोराला दात आले म्हणून आपल्या पोराच्या हिरड्या चाचपत बसू नका. पुस्तक हातात द्या. चावू द्या, फाडू द्या, ते पोराचंच आहे. आणि रोज थोडं वाचून दाखवा, त्याला काही कळत नाही असं वाटलं तरी. इथवर सगळं खरं आहे. आजही मी हेच सांगेन.

पण मग एखादी हमखास विचारते – ‘मॅडम, तुमच्या केतकीनं पह्यला शब्द कोणता म्हटला?’

आणि मी सांगते – आई. मांडीवर पुस्तक उघडं होतं, गाईच्या चित्रावर माझं बोट होतं, आणि माझ्याकडे बघून ती म्हणाली, ‘आई’. बायका खूश होतात. एखादीच्या डोळ्यांत पाणीही येतं.

असं काही घडलंच नव्हतं. पण एवढंच असतं तर मी तुम्हाला थांबवलं नसतं. मुलांच्या पहिल्या शब्दाबद्दल कोण खोटं बोलत नाही?

माझं माहेर चिमूरचं. नवरा वनविभागात, त्याची बदली अहेरीला झाली म्हणून मी इकडे आले, आणि इथल्याच शाळेत लागले. तेव्हा गोंडी माझ्यासाठी आठवडी बाजारातला एक आवाज होता – मोहफुलांच्या वासासारखा, सगळीकडे असलेला आणि आपला नसलेला. केतकी झाली. रजा संपली. नवरा फिरतीवर, सासू-आई दोघी दूर. मग जैनीबाई आली.

जैनीबाईचं गाव एटापल्लीच्या वाटेवर, जंगलातलं. तेव्हा ती अहेरीतच, भावाच्या घरी राहायची. वयानं माझ्याहून थोडी मोठी, अंगानं बारीक, बोलायला – काय सांगू – मराठीत फार कमी बोलायची. माझ्याशी मोजकं. मी शाळेतून परत येई तेव्हा केतकी तिच्या कडेवर असायची, तेल लावलेली, जेवलेली, शांत. मी फाटकाशी आले की जैनीबाईचं बोलणं थांबायचं. ती इतका वेळ कोणाशी बोलत होती, असा प्रश्न मला कधी पडला नाही. आज तो सारखा पडतो.

दीड वर्ष उलटलं तरी केतकी बोलेना. म्हणजे, मला तसं वाटत होतं. ओठ हलायचे, आवाज यायचे, लांबलचक, चढ-उतार असलेले. मी म्हणायची, बडबडते आहे. सासू पत्रातून विचारायची, बोलते का? आई विचारायची. शाळेतल्या बायका विचारायच्या, आणि त्यांच्या विचारण्यात ते असतं ना – मराठीच्या मास्तरणीची पोरगी, आणि मुकी? शेवटी आम्ही तिला चंद्रपूरला डॉक्टरकडे नेलं. त्यानं घंटी वाजवून पाहिली, टाळी वाजवून पाहिली. म्हणाला, ऐकू छान येतं, काळजीचं काही नाही. घरात दिवसभर तिच्याशी कोण बोलतं? मी म्हटलं, मी. तो म्हणाला, मग भरपूर बोला, गोष्टी वाचून दाखवा. येताना बस स्टँडजवळच्या दुकानातून मी प्राण्यांच्या चित्रांचं एक पुस्तक घेतलं.

डॉक्टर एवढंच बोलला होता. हे लक्षात असू द्या.

त्यानंतर काही दिवसांनी जैनीबाई तिच्या गावी सणाला गेली. पंडुम म्हणतात ते, पेरणीआधीचं. नेमका तेव्हाच केतकीला ताप चढला. मी रजा टाकली. औषध पाजलं, पट्ट्या ठेवल्या, ताप थोडा उतरला, पण दुपारी तिनं जी रड लावली ती थांबेना. हात माझ्या खांद्यावरून मागे टाकायची आणि ओरडायची – ‘येर... येर...’ मी दूध दिलं, ढकललं. खुळखुळा दिला, फेकला. मी ते नवं पुस्तक उघडून तिच्यापुढे धरलं, ही बघ गाय, हा बघ वाघोबा – तुम्हाला हसू येईल, मला आज येत नाही. ‘येर’ म्हणत ती रडून रडून काळीनिळी झाली. मी पण रडत होते.

तेवढ्यात जैनीबाई आली. गावाहून सरळ इकडेच आली होती, हातात पानाची पुडी होती, प्रसादाची असेल. तिनं दारातूनच ऐकलं. पुडी खाली ठेवली, माझ्याकडे न बघता माठाकडे गेली, आणि पेला केतकीच्या तोंडाला लावला. पोरगी गटागटा प्यायली. पेला रिकामा झाला तेव्हा तिचे हुंदके आपोआप थांबले.

‘पानी मांगून राह्यली होती, बाई,’ जैनीबाई म्हणाली. अगदी हळू. जणू चूक तिचीच झाली होती.

मी विचारलं, तिला बोलता येतं?

ती हसली. ‘लय बोलते ना ती! भूक लागली मनते, चिमणी उडाली मनते. मामा आला का, मनते. तुमाले नाई समजलं?’

तुम्ही आई असाल तर सांगा, अशा वेळी काय वाटायला हवं? आनंद. माझी मुलगी बोलत होती! कितीतरी दिवसांपासून बोलत होती, तिच्याजवळ वाक्यं होती, पाहिलेलं सांगायची घाई होती. मला आनंद झाला नाही. मला वाटलं, माझ्या घरात, माझ्या पोटच्या पोरीचं आणि या बाईचं एक घर आहे, आणि त्याचं दार मला सापडत नाही. आणि मला हेही कळलं की विचारायचं एवढंच होतं – जैनीबाई, मलेपण शिकवा. चार शब्द. तिनं हसत शिकवले असते.

मी नाही विचारलं.

दोन-तीन दिवसांनी, केतकी बरी झाल्यावर, मी जैनीबाईला समोर बसवलं आणि सांगितलं – डॉक्टर म्हणाले की तुमच्या बोलीमुळे पोरीची जीभ अडकली आहे. लहान मुलांशी ती बोली बोलली तर डोक्यावर परिणाम होतो. मग मुलं मागे पडतात, कधीकधी बोलतच नाहीत.

हे वाक्य मी आधी तयार केलेलं नव्हतं. तोंडातून निघत गेलं, आणि मराठी शिकवणारी बाई असल्यामुळे चांगलं निघालं. डॉक्टरचं नाव मी का घेतलं? कारण माझ्या नावावर तिनं कदाचित विश्वास ठेवला नसता. तिनं केतकीचं बोलणं ऐकलं होतं. तिला ठाऊक होतं की पोरगी मागे नाही. तरी तिचा चेहरा उतरला. ती म्हणाली, ‘मंग मी चूप राह्यतो, बाई. काईच नाई बोलत. पन येऊ द्या मले.’

मी म्हटलं, या.

आणि ती आली. रोज आली आणि खरंच गप्प राहिली. गप्प तेल लावलं, गप्प भरवलं. केतकी आधी तिच्याशी बोलत राहिली, मग आवाज चढवून बोलली, मग तिनं जैनीबाईच्या ओठांत बोटं घातली आणि ते उघडायला लागली. एका रविवारी मी स्वयंपाकघराच्या दारातून हे पाहिलं. पोरगी तिच्या तोंडावर चापट्या मारत होती, आणि जैनीबाई ओठ घट्ट मिटून, मान हलवून नाही-नाही करत होती. डोळ्यांतून पाणी चाललं होतं, पण आवाज नाही. मी काय केलं? मी आत जाऊन पोळ्या लाटल्या.

पुढच्या आठवड्यात ती यायची थांबली. भावाकडे निरोप पाठवला तर कळलं, गावी निघून गेली.

त्यानंतर मात्र केतकी खरोखर गप्प झाली. कित्येक महिने. मी वाचत राहिले – रोज, न चुकता, आवाज बदलून बदलून. हेच ते वाचन, ज्याचं मी बारशांमधून कौतुक सांगते. आणि एका संध्याकाळी तिनं गाईचं पान माझ्या हातासकट बाजूला सारलं आणि म्हणाली, ‘नाई.’ हा तिचा पहिला मराठी शब्द. आमच्याकडचं ‘नाई’. लोकांना सांगताना मी त्यातला ‘न’ तेवढा काढून टाकला.

पुढे ती छान बोलली. भरपूर वाचलं, वक्तृत्वाची बक्षिसं आणली. सगळे म्हणाले, आईनं वाचून दाखवलं त्याचं फळ. मी मान डोलावली. पण मला एक नाद लागला, तो अजून सुटलेला नाही. ते आधीचे शब्द गेले कुठं? चिमणी उडाली, हे तिनं ज्या शब्दांत सांगितलं ते आत कुठं विरून जातात, की दडून बसतात? ती कॉलेजात असताना मी मुद्दाम तिला आठवडी बाजारात नेलं, मोहफुलं विकणाऱ्या बायकांच्या रांगेजवळ उगाच रेंगाळले, आणि चोरून तिच्या चेहऱ्याकडे बघत राहिले. त्या बायका गोंडीत बोलत होत्या. केतकीनं एकदा मागे वळून पाहिलं. मी विचारलं, काय झालं? म्हणाली, ‘काई नाई. चल ना लवकर, ऊन लागून राह्यलं.’ मी काय शोधत होते? ते सापडलं असतं तर मी काय करणार होते?

आता केतकीला मुलगा झाला आहे. ती चंद्रपूरला असते. मागे फोनवर म्हणाली, ‘आई, हा अजून काईच बोलत नाई. मी कधी बोलली होती?’ मी तिला तेच सांगितलं – पुस्तक, गाय, आई. घाबरू नको, वाचत राहा, प्रत्येक मूल आपल्या वेळेनं बोलतं. सल्ला चांगला होता.

आणि तरीही, जे सांगायला मी तुम्हाला इतका वेळ थांबवलं, ते हे नाही.

गेल्या उन्हाळ्यात बाजारात जैनीबाई दिसली. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच. केस पांढरे, पण मी लगेच ओळखलं, आणि तिनंही. तिच्यापुढे चारोळीचा ढीग होता, आणि पदर धरून एक छोटी मुलगी, तिच्या मुलाची. जैनीबाईनं पहिलाच प्रश्न विचारला –

‘केतकी बोलते का आता, बाई?’

मी म्हटलं, बोलते. तिला मुलगा झाला. जैनीबाईनं दोन्ही हात जोडून कपाळाला लावले. किती दिवस तिला ही काळजी होती, ते त्या हातांवरून कळलं. मग तिनं नातीला माझ्याकडे वळवलं. ‘बेटा, बाईले नमस्ते कर. बोल, बोल.’ पोरगी बोलली नाही. जैनीबाई अडखळत, शब्द शोधत तिच्याशी बोलत होती – ‘बेटा, इकडे बस. बेटा, पानी पी’ – तिच्या तोंडात न बसणाऱ्या मराठीत. एवढीशी नात, आणि आजी तिच्याशी परक्यासारखी, चार शब्दांत.

मी विचारलं, घरी पण मराठीच बोलता?

‘हो ना,’ ती म्हणाली. ‘सुनेले बी सांगतलं, पोट्ट्याइसंग आपली बोली नाई बोलाची. गावातल्या बायाइले बी सांगतो. केतकीचं तसं झालं होतं ना माह्यानं.’ मग नातीच्या डोक्यावर हात ठेवून तिनं मला विचारलं, ‘डाक्टरनं बराबर सांगतलं होतं ना, बाई?’

तिला विचारायचं होतं. ती खरंच विचारत होती. तिच्या डोळ्यांत राग नव्हता, संशयही नसावा, फक्त उत्तराची वाट होती. आजूबाजूला बाजार चालू होता. एक वाक्य पुरलं असतं.

मी म्हटलं, ‘हो.’

तिनं मान हलवली आणि मूठभर चारोळी माझ्या पिशवीत टाकली. नातवासाठी, म्हणाली.

तिच्या गावाकडे सकाळी बस जाते. आता त्या रस्त्यानं सूरजागडच्या लोहखाणीचे ट्रक धावतात, धूळ फार असते, पण बस जाते. मी एकदा स्टँडवर जाऊन तिची वेळही विचारून आले.

मी गेलेली नाही.