यारोकाकांचा शेवटचा सूर

भुतंखेतं, आत्मे वगैरे प्रकारांवर माझा काडीचाही विश्वास नव्हता... आणि अजूनही नाही. मी नेदरलँड्समधल्या आइंडहोवनमध्ये चिप बनवणाऱ्या मशिन्सवर काम करतो. आमच्याकडे बिघाड झाला की कारण सापडेपर्यंत कोणी घरी जात नाही. त्यामुळे हे लिहिताना जरा अवघडल्यासारखंच होतंय.

लॉकडाऊनच्या पहिल्या वर्षातली गोष्ट. आमच्या शेजारच्या फ्लॅटमध्ये यारोस्लाव नावाचे एक वयस्कर चेक गृहस्थ राहायचे. बायको गेल्यावर लेकीच्या, हानाच्या, शहरात राहायला आलेले. माझी बायको मेधा पहिल्याच आठवड्यात त्यांना यारोकाका म्हणायला लागली, आणि त्यांना ते आवडलं.

काकांनी आयुष्यभर त्यांच्या गावच्या सिम्फनी ऑर्केस्ट्रात ओबो वाजवला. ओबो म्हणजे आपल्या सनईच्या नात्यातलं वाद्य. कार्यक्रमाआधी ओबो एक सूर देतो आणि बाकीचे सगळे त्यावर आपली वाद्यं जुळवतात, हे मला त्यांच्याकडूनच कळलं. आमच्या बाल्कन्या शेजारीशेजारी. वर्क फ्रॉम होममध्ये मी चहा घेऊन बाहेर आलो की काकांच्या गोष्टी सुरूच! त्यांचं गाव औषधी झऱ्यांचं. उन्हाळ्यात पाणी प्यायला आलेल्या पेशंटांसमोर बागेत वाजवायचं, हिवाळ्यात बसने खाणकामगारांच्या गावोगावी जायचं. एका हॉलचं हीटिंग बंद पडलं तेव्हा सगळ्यांनी ओव्हरकोट घालून वाजवलं. कम्युनिस्ट राजवट गेली, सरकारी पैसा आटला, तर लग्नांत वाजवून दिवस काढले, पण ऑर्केस्ट्रा मोडला नाही.

"आम्ही फार मोठे नव्हतो," काका म्हणायचे, "पण हट्टी होतो. माझा सूर नेहमी किंचित चढा लागायचा. कंडक्टर ओरडून ओरडून थकले. शेवटी सगळा ऑर्केस्ट्राच चढा झाला!"

त्यांच्याकडे एक रीत होती. कोणी वादक गेला की पुढच्या तालमीला त्याची खुर्ची जागेवर मांडायची, खुर्चीवर त्याचं वाद्य ठेवायचं. मग सगळ्यांनी थोडा वेळ गप्प बसायचं. त्या शांततेत गेलेला माणूस शेवटचा सूर देतो, असं मानायचं. नंतर ओबोवाला खरा सूर देणार आणि तालीम सुरू.

पानगळीच्या दिवसांत काकांना कोविड झाला. अ‍ॅम्ब्युलन्स यायच्या आधी त्यांनी ओबोची पेटी दोन बाल्कन्यांमधल्या कठड्यावर ठेवली.

"तालमी बंद, बॉर्डर बंद," ते धापा टाकत म्हणाले. "माझी खुर्ची कोण मांडणार?"

"काका, तुम्ही परत येताय."

"आधी हो म्हण."

मी हो म्हटलं. ते परत आले नाहीत.

ओबो फुंकायला एक बारीक दुहेरी पत्ती लागते, रीड. काका रीडची डबी कायम कोटाच्या खिशात ठेवायचे. हानाने ती त्या कोटासकट त्यांच्याबरोबरच जाऊ दिली. रीडशिवाय ओबो म्हणजे नुसती लाकडी नळी.

हानाने कळवल्यावर ऑर्केस्ट्राने मग ऑनलाइनच जमायचं ठरवलं. रविवारी सकाळी मी काकांची खुर्ची आमच्या बाल्कनीत मांडली, त्यावर ओबो, समोर लॅपटॉप. बाजूला मेधा आणि हाना. स्क्रीनवरच्या चौकटींत वादक बसलेले, कोणी स्वयंपाकघरात, कोणी माळ्यावर. कंडक्टरबाई दोन शब्द बोलल्या. मग सगळे गप्प.

खालून गेलेल्या सायकलची घंटी तेवढी मला ऐकू आली. बाकी काही नाही.

आणि अचानक सगळ्यांनी वाद्यं उचलून जुळवायला घेतली. सगळ्यांनी, एकदम! फक्त काकांच्या जागी आलेला ओबोवाला वाद्य मांडीवर ठेवून तसाच बसला होता. तो रडत होता.

"अरे, सूर कोणी दिला?" मेधा कुजबुजली.

कंडक्टरबाई माझ्याकडे बघून इंग्रजीत म्हणाल्या, "तुमच्याकडून ज्यांनी कोणी सूर दिला, त्यांचे मनापासून आभार मानायचेत. प्लीज, माइक सुरू करा. तुम्ही म्यूटवर आहात."

मी पाहिलं. माइकच्या चित्रावर लाल रेघ... सुरुवातीपासून. रोजच्या मीटिंगमध्ये होणारी तीच चूक, त्या दिवशीही केली होती मी.

हानाने माइक सुरू करून चेकमध्ये सांगितलं की इथे कोणीच वाजवलं नाही, वाजवणं शक्यच नाही, रीड बाबांबरोबर गेली. मग एक म्हाताऱ्या व्हायोलिनवाल्या बाई काहीतरी म्हणाल्या आणि हाना तोंडावर हात ठेवून खाली बसली. थोड्या वेळाने तिने आम्हाला सांगितलं, "त्या म्हणाल्या, यारोचाच होता. नेहमीसारखा किंचित चढा."

मी नंतर कॉलचं रेकॉर्डिंग कितीदा तरी ऐकलं. त्यात शांतता आहे, आणि मग एकदम वाद्यं. मेधा म्हणते, इतकी वर्षं एकत्र वाजवणारी माणसं, सवयीने झालं असेल. असेलही. पण मग ज्याने सूर द्यायचा तो ओबो खाली ठेवून का बसला? आणि कंडक्टरबाई आभार कसले मानत होत्या?

कारण अजून सापडलेलं नाही. भीती मला तेव्हाही वाटली नाही, आजही वाटत नाही. वाईट मात्र वाटतं... त्या खुर्चीच्या सगळ्यात जवळ मीच उभा होतो, आणि मला काहीच ऐकू आलं नाही.