पृथ्वीच्या ओढीविरुद्धचा अर्ज

काल एटापल्लीच्या तहसीलबाहेर सोमीबाईची मुलगी पोलीस भरतीचा अर्ज लिहून घ्यायला माझ्या बाकावर बसली आणि बाक करकरला. त्या आवाजासरशी मला ती सात महिन्यांची, आईच्या मोहफुलांचा वास येणाऱ्या पदरात सहज मावलेली दिसली.

त्या वर्षी पृथ्वीची ओढ, म्हणजे गुरुत्वाकर्षण, मोजणारे एक साहेब इकडे आले होते. कुठे ओढ किती, याचे गणित मांडून ते नकाशा करीत. त्यात आमचा भाग निळा, म्हणजे कमी ओढीचा होता. त्याच आठवड्यात अंगणवाडीच्या काट्यावर ही मुलगी हलकी भरली.

"लिहा भाऊ, पोरगी बारीक नाई, इथची जमीनच कमी ओढते," सोमीबाई म्हणाली.

मी शास्त्रशुद्ध भाषेत सविनय तक्रार लिहिली व सोमीबाईला घेऊन स्वतः त्या साहेबांपुढे ठेवली. ते हसले नाहीत. "बाई, त्याने चिमूटभर मिठाएवढाही फरक पडत नाही. पोरीला अंडी खाऊ घाला."

"मंग अर्जात अंडेच मागा ना, भाऊ! जमिनीचं काऊन लिहून राह्यले?"

माझे दोन सर्वोत्तम परिच्छेद मी जड मनाने खोडले आणि अंडी मागितली. काल बाक करकरला, तेव्हा प्रथमच वाटले, बरे झाले खोडले.