चौतीस कंबर

चाळीस वर्षं मापं घेणाऱ्या बाईला खोटं बोलता येत नसेल असं ज्याला वाटतं, त्याने आयुष्यात कधी शिंपिणीकडे कपडे टाकलेले नाहीत. ही शिंपीण तर त्यात पटाईत. घराची पुढची खोली हेच तिचं दुकान. खिडकीपाशी मशीन, भिंतीला कापायचं टेबल आणि गळ्यात दिवसभर टेप. शेजारीपाजारी तिला टेपकाकूच म्हणत. गिऱ्हाईक बाई समोर उभी राहिली की टेपकाकू टेप लावायची, आकडा वाचायची आणि तोंडाने दोन इंच कमी सांगायची. वहीत मात्र खरा आकडा लिहायची, कारण गोड बोलून कापड पुरत नाही. बाई खूश, कपडा अंगावर चोख. यात कुणाचं काय गेलं?

नवऱ्याच्या बाबतीत मात्र गेलं.

तो पाणीपुरवठ्याच्या कचेरीत कारकून. सोळा वर्षांपूर्वी त्याला डावलून हाताखालच्या माणसाला बढती दिली, तेव्हा महिनाभर तो घरात तोंड शिवून बसला होता. त्याच महिन्यात एका सकाळी पँटचं बटण लागेना.

"अगं, ही आटली की काय?"

त्याचा चेहरा पाहून ती म्हणाली, "आटलीच. कापडच भिकार निघालं."

दुपारी तो कचेरीत असताना तिने मागची शिवण उसवली आणि आतली माया, म्हणजे शिवणीत दुमडून ठेवलेलं जादा कापड, अर्धा इंच सोडली. संध्याकाळी तो म्हणाला, "बघ, इस्त्री केली की बसते नीट." पुढे हे वर्षा-सव्वा वर्षाने होतच राहिलं. नवी पँट शिवायची वेळ आली की तो भिंतीकडे बघत ताठ उभा राहायचा आणि विचारायचा, "किती?" ती म्हणायची, "चौतीस." वहीत पस्तीस, मग साडेछत्तीस, मग अडतीस.

याला कुणी प्रेम वगैरे म्हणू नये. सुरुवातीला कीव होती, पुढे सवय झाली आणि त्या सवयीत थोडी ऐटही मिसळली. नवरा चारचौघांत सांगायचा, "लग्नात चौतीस, आजही चौतीस!" वजनकाट्याकडे तो फिरकत नसे. "काट्याला काय विचारायचं? पँट सांगते की!" आरशात बघायचा तो फक्त भांग. मेहुण्याच्या पोटावर तर त्याने इतके विनोद केले होते की मेहुणा त्याच्या शेजारी जेवायला बसेनासा झाला होता.

मग परगावी राहणाऱ्या मुलीचा फोन आला. "आई, बाबा फोनवर बोलतानासुद्धा धापा टाकतात. डॉक्टरकडे न्या, नाहीतर घरात व्यायामाचं काहीतरी आणा." डॉक्टरकडे जायला तो बधला नाही. व्यायामाचं सामान म्हटल्यावर मात्र खुलला. कचेरीतल्या एकाने घरी व्यायामाची खोली केली होती, म्हणून यालाही हवी होती. कापायचं टेबल थोडं सरकवून पुढच्या खोलीत जागा करायची ठरली. तिने जमिनीवर खडूने चौकोन आखला, तीन फूट बाय पाच. "यात बसेल तेच घ्यायचं," ती म्हणाली. सामान कुठे मावेल याचा तिने विचार केला. माणूस कशात मावतो, तो विचार तिने टाळला.

व्यायामाच्या सामानाच्या दुकानात रबराचा वास होता. दुकानदार तरुण आणि शांत, कानाला पेन्सिल खोचलेली. नवऱ्याने आधी धावपट्टी पाहिली, ती चौकोनाबाहेर जात होती. मग वल्हं मारायचं यंत्र पाहिलं. त्यावर बसायला इतकं खाली वाकावं लागतं हे कळल्यावर ते त्याला "बायकी" वाटलं. शेवटी तो एका घडीच्या सायकलीपाशी थांबला. सडपातळ, चकचकीत, दुमडली की दाराआड मावेल अशी.

"ही!"

"काका, ही नव्वद किलोपर्यंतच," दुकानदार म्हणाला. "त्यावर वजन गेलं की सीटचा खांब मोडतो, माणूस मागच्या मागे पडतो. तुमचं वजन?"

"असेल बहात्तर-पंचाहत्तर."

दुकानदाराने त्याच्याकडे वरपासून खालपर्यंत एकदाच पाहिलं. "कोपऱ्यात काटा आहे. पाहता का?"

"काटा कशाला? कंबर चौतीस आहे माझी."

"मग हा कमरपट्टा लावून बघा. पाठीला आधार राहतो." त्याने चौतीसचा पट्टा काढला. पट्ट्याची दोन टोकं नवऱ्याच्या पोटावर समोरासमोर आली आणि वीतभर अंतर राखून थांबली. दुकानदाराने दुसरा आणला. तोही तसाच.

"खोटा माल ठेवता तुम्ही!" नवऱ्याचा आवाज चढला. डंबेल बघत असलेली दोन माणसं वळली. "काय वाटेल तो आकडा छापता! अहो, माझी बायको शिंपीण आहे, आयुष्य गेलं तिचं मापात. अगं, टेप आहे ना तुझ्याकडे? घे माप इथेच आणि सांग याला."

टेप होतीच. घरून निघताना गळ्यातून काढायची राहिली होती. तिने ती त्याच्या कमरेभोवती फिरवली. तो ताठ उभा राहिला, नजर समोरच्या भिंतीवर. शेजारी उभ्या दुकानदाराला टेप नीट दिसत होती. एक्केचाळीस. तिने त्या आकड्यावर अंगठा ठेवला.

"किती?" नवऱ्याने विचारलं.

"चौतीस," ती म्हणाली.

कसं निघालं तोंडातून, तिलाही कळलं नाही. दुकानदाराने तिच्या अंगठ्याकडे पाहिलं आणि पट्टे परत खोक्यात घातले. त्याने तोंडावर खोटी म्हटलं असतं तर बरं झालं असतं. चाळीस वर्षांत कुणी तिच्या मापाला नाव ठेवलं नव्हतं, आणि आज एका परक्या पोराने न बोलता ठेवलं. तिचे कान तापले.

"सायकल उद्या अकराला घरी येईल," तो म्हणाला. मग हळूच, फक्त तिला, "काकू, त्याआधी फोन केलात तर बदलून देईन."

बसमध्ये नवरा भलताच खुशीत. "कसा गप्प बसला बघितलंस? चौतीस म्हटल्यावर तोंडच बंद!" ती खिडकीबाहेर बघत राहिली. तिच्या डोळ्यांसमोर सीटचा खांब होता, आणि त्याच्या मागे दोन हातांवर कापायच्या टेबलाचा लोखंडी कोपरा.

घरी आल्यावर त्याने चप्पलही काढली नव्हती, तेवढ्यात तिने मापाची वही काढली आणि त्याचं पान उघडून समोर ठेवलं.

"हे काय?"

"तुमची मापं. खरी. मघाचं खोटं होतं. त्या सायकलीला तुमचं वजन झेपणार नाही."

तो खुर्चीत बसला आणि बोट फिरवत वाचू लागला. सोळा वर्षं, एकाखाली एक. ती ओरड्याची वाट बघत उभी होती. ओरडा आला नाही.

"कुणाकुणाला माहीत आहे?"

"कुणालाच नाही. मी कुणाकडे बोलले नाही, शपथ."

"पण दिसत असेल की." त्याने वही मिटली. "मी रोज डबा खाताना सांगायचो, आजही चौतीस. सगळे हसायचे. मला वाटायचं, कौतुकाने हसतात."

हे तिच्या कधी ध्यानातच आलं नव्हतं. शिवण सोडली की काम झालं, असं धरून ती चालली होती. त्या पँटी घालून तो बाहेर जातो, लोकांत बसतो, बढाई मारतो आणि ते ऐकणाऱ्यांना डोळे असतात, हे तिने सोळा वर्षांत एकदाही मनात आणलं नव्हतं. जिच्यावर विसंबून तो बोलत होता, तिनेच त्याला चारचौघांत उघडं पाडलं होतं, आणि वर पँटला क्रीज पाडून.

"मला तेव्हा वाटलं..." तिने सुरुवात केली.

"राहू दे," तो म्हणाला. जेवताना त्याने भाजी वाढून घेतली नाही, तिनेही आग्रह केला नाही. आग्रह करायलासुद्धा तिला तोंड नव्हतं.

सकाळी तिने दुकानात फोन केला. तो तयार होऊन दारात उभा होता. बसमध्ये बराच वेळ गेल्यावर तो समोर बघतच म्हणाला, "माप घेताना मी पोट आत ओढायचो. ते कळायचं तुला?"

"थोडं कळायचं."

"हं."

दुकानदार त्यांना एका बुटक्या, रुंद सायकलीपाशी घेऊन गेला. खुर्चीसारखी बैठक, पाठीला टेकू, दीडशे किलोपर्यंत चालणारी. दिसायला ओबडधोबड. नवरा सायकलीकडे बघून कसनुसा हसला. "ही दाराआड लपायची नाही."

"नाही लपत," दुकानदार म्हणाला. "सुरुवातीला रोज दहाच मिनिटं चालवा. आणि त्याआधी डॉक्टरला दाखवा, मी विकत असलो तरी सांगतो." मग त्याने काट्याकडे हात केला. नवरा चढला. एकशे तीन. दुकानदाराने कानावरची पेन्सिल काढली. "पट्ट्यासाठी कंबर किती लिहू?"

नवऱ्याने तिच्याकडे मान वळवली. कालची भिंत समोरच होती, पण त्याने तिकडे पाहिलं नाही. "घे माप."

तिने टेप लावली. एक्केचाळीस. तोंड उघडलं आणि तिला जाणवलं की तो आजही श्वास धरून उभा आहे.

"पोट सोडा," ती म्हणाली.

त्याने सोडलं. टेप तिच्या बोटांतून सरकत गेली आणि थांबली. वहीतला आकडासुद्धा खोटाच होता तर.

"साडेबेचाळीस," ती म्हणाली.

"मोठ्याने सांग. त्याला लिहायचंय."

"साडेबेचाळीस," ती पुन्हा म्हणाली, दुकानभर ऐकू जाईल एवढ्याने, आणि टेप गुंडाळून पिशवीत टाकली.