मोबाइलातले सर

मुखेडला आमच्या शेजारच्या काकू यंदा बाहेरून दहावीला बसल्या आहेत. चुलीपाशी डब्याला टेकवलेल्या मोबाइलवर गणिताचे सर शिकवतात आणि काकू भाकरी थापत ऐकतात. सर पडद्यावर आले की आधी डोक्यावर पदर घेतात. मधेच म्हणतात, "थांबा सर, भाकर करपून राहिली," आणि पिठानं भरलेल्या बोटानं सरांना थांबवतात. "समजलं का?" असं सरांनी विचारलं, की "न्हाई समजलं," असं खरं उत्तर देऊन धडा मागं नेतात.

मीही जन्मभर गणितच शिकवलं. एकदा त्या वही घेऊन माझ्याकडं आल्या होत्या. एकच उदाहरण तिसऱ्यांदा विचारलं, तेव्हा मी म्हणालो, "आत्ताच तर सांगितलं ना!" त्या हसल्या आणि वही मिटून गेल्या.

ते उदाहरण काल सुटलं, हे सांगायला वाटीत साखर घेऊन आल्या.

"कसं जमलं?" मी विचारलं.

"सात येळा इचारलं, गुरुजी. ते सर लई चांगले हायत. अजिबात चिडत न्हाईत."

एवढं बोलून त्यांनी जीभ चावली आणि माझ्या तळहातावर आणखी चिमूटभर साखर ठेवली.