"मलाही ऐकू येतंय," मी म्हणालो

हे मी बायकोलाही कधी सांगितलेलं नाही. तुम्हाला सांगतोय. का? मलाच नीट कळत नाही.

मोबाइल नुकते घरोघरी येत होते, तेव्हाची गोष्ट. भिवंडीत आमच्या भिंतीपलीकडे लूमचा कारखाना होता. दिवसभर खडखड, आणि उन्हात कापसाचे तंतू पाण्यात असल्यासारखे संथ तरंगायचे. माझी धाकटी बहीण वनिता त्या खडखडीत एका बाईचा आवाज ऐकायची. लूम बंद असले तरी ऐकायची.

डॉक्टरांनी मला समजावलं होतं. आपण मनात बोलतो तेव्हा मेंदूचा बोलणारा भाग ऐकणाऱ्या भागाला आधीच कळवतो, की हे आपलंच आहे. या आजारात तो निरोप बहुधा पोचत नाही. मग स्वतःचाच विचार परक्याच्या आवाजात कानावर येतो. "ती नाटक करत नाही," ते म्हणाले. "तिला खरंच ऐकू येतं. वाद घालू नका — पण हो ला होही म्हणू नका."

मला सगळं कळलं होतं. मग?

गोळ्यांनी ती सावरत होती. त्या दुपारी वडप्याहून मला बघायला पाहुणे येणार होते, आणि नेमकी ती अस्वस्थ झाली. "दादा, ती बाय बोलतेय. तुला न्हाय आयकू येत?"

बाहेर जीप थांबली. मला लाज वाटली — तिची. हो, तिचीच. मी भिंतीला कान लावला. "येतंय ना. ती म्हणतेय, पाहुणे जाईपर्यंत जागची हलू नको."

केवढी उजळली ती! इतक्या दिवसांत पहिल्यांदा कुणीतरी तिच्या बाजूला होतं. ती आत हसत बसून राहिली, मी बाहेर चहा घेतला. लग्न ठरलं.

दुसऱ्या दिवशी तिने गोळी परत केली. "तुला पन आयकू येतंय ना? मंग तू पन घे."

एक वाक्य पुरलं असतं — मी खोटं बोललो. पण आई समोर होती. मी हसण्यावारी नेलं. त्या दिवसापासून तिने गोळ्या घेणं सोडलं.

महिन्याभरात तिने जेवण सोडलं, बाई नको म्हणते म्हणून. इस्पितळात ठेवावं लागलं. गोळ्या का सोडल्या, डॉक्टरांनी विचारलं. वनिता माझ्याकडे बघत राहिली — वाट बघत असावी.

"हट्टी आहे ती," मी म्हणालो.

तिने मान खाली घातली. माझं नाव घेतलं नाही.

आता ती बरी असते, आमच्याकडेच राहते. त्या दुपारबद्दल ती कधी बोलली नाही. मीही नाही.