संमती अपूर्ण

गरजू कुटुंबांना परवडणारी घरं बांधायला मदत करणाऱ्या एका छोट्या संस्थेचा मी सचिव आहे. ऑफिस मालवणात, कामं आतल्या गावांत. या कामातली सगळ्यात मोठी अडचण कोणती, असं कुणी विचारलं की माझं उत्तर तयार असतं. "पैसा नव्हे," मी म्हणतो आणि थोडा थांबतो. थांबल्याने वजन येतं, हे मला अनुभवाने कळलंय. मग म्हणतो, "सामायिक जमीन."

आमच्याकडे सातबाऱ्यावर अख्खं घराणं नांदत असतं, मेलेल्यांसकट. चार काजूंच्या जागेला वाडीभर मालक. घर बांधायचं तर त्या सगळ्यांची लेखी संमती लागते, आणि त्यातला एक बोरिवलीला, एक बेळगावला, एक कुणाला ठाऊक नाही कुठे. देणगीदारांची तर पहिली अटच ती: जागेचा वाद नको.

बाकीच्या अडचणी मी जेवताना सांगतो, कारण त्या हसायच्या आहेत. गवंडी मिळत नाहीत. देवबागेत पर्यटकांसाठी खोल्या बांधायला गेलेला गवंडी आमच्या रानातल्या वाटेकडे वळून बघत नाही. एकदा शहरातून सपाट छपराचा सुंदर नकाशा आला. मी त्याचं जाहीर कौतुक केलं. पहिल्याच पावसात त्या घरातल्या आजीने मला आत बोलावून वर बघायला लावलं आणि म्हणाली, "बरा केलास. आता भिजूक भायर जावक लागणा नाय."

पण संमतीच्या विषयावर मी कधी हसत नाही. ग्रामसभेत माझं एक वाक्य ठरलेलं आहे: "सही केल्याने तुमचा हिस्सा जात नाही, दुसऱ्याच्या डोक्यावर छप्पर येतं." लोक माना डोलावतात. हे वाक्य आमच्या संस्थेच्या कॅलेंडरवर छापलेलं आहे आणि ते माझ्या घरी स्वयंपाकघरात लटकतं. त्याच्याखाली बसून मी रोज चहा पितो. आणि माझी स्वतःची एक सही मी अडवून ठेवली होती.

कट्टा गावाच्या पलीकडे आमची सामायिक जागा आहे. तिथल्या मांगरात माझी वहिनी राहते, चुलतभावाची बायको. मांगर म्हणजे गवत, लाकडं, अवजारं ठेवायची खोपी, माणसांनी राहायची जागाच नव्हे. भाऊ गेला, लेक नोकरीला गोव्यात गेली, आणि वहिनी तिथे एकटी राहिली. एका पावसात पश्चिमेची मातीची भिंत बसली. तिने तिथे झावळं लावली, वर निळं प्लास्टिक बांधलं. मी बघायला गेलो होतो. चहा प्यालो. भिंतीला हात लावून जाणकारासारखी मान हलवली. "सांभाळून रवा," म्हणालो आणि एसटी पकडली.

पुढच्या शिमग्याच्या सुमारास तिचा अर्ज संस्थेत आला. ती माझ्याकडे आली नाही, रांगेत उभी राहून खिडकीत देऊन गेली. संमतीचा कागद त्याआधीच हिस्सेदारांत फिरायला निघाला होता, आणि मी संस्थेतला म्हणून सगळ्यांनी आधी माझ्याकडेच पाठवला होता. तो माझ्या टेबलाच्या खणात राहिला. मी नाही म्हणालो नाही. मी काहीच म्हणालो नाही. माझा स्वभाव मुळात अबोल, भाषणं सोडून.

कारण विचाराल, तर सांगायला लाज वाटते एवढं ते छोटं आहे. त्या जागेत विहिरीच्या कडेला एक सपाट तुकडा आहे. निवृत्त झाल्यावर तिथे माझं घर होणार होतं. पुढे रुंद पडवी, पडवीत आरामखुर्ची, आणि मी. नकाशा नाही, पैसे नाहीत, बायकोला पत्ता नाही. नुसती खुर्ची दिसायची. तिथे एकदा वहिनीच्या घराचे जांभ्याचे चिरे बसले की माझी खुर्ची कुठे ठेवायची, हा प्रश्न मला पडला होता, आणि मी तो स्वतःशीसुद्धा या शब्दांत कधी मांडला नाही. स्वतःला मी सांगत होतो की सचिवाच्याच नात्यात घर दिलं तर लोक संस्थेला नावं ठेवतील. माझ्या लोभाला मी तत्त्वाचा सदरा घातला होता, तोही इस्त्री करून.

निवडीच्या बैठकीत अर्ज वाचायचं काम माझंच. वहिनीचा आला तेव्हा मी त्याच आवाजात वाचला, ज्या आवाजात बाकीचे वाचले. "जागा सामायिक. संमती अपूर्ण."

अध्यक्षांनी विचारलं, "कोणाची राहिली?"

"काही हिस्सेदारांची," मी म्हणालो आणि पुढचा अर्ज घेतला.

पाऊस सुरू झाला. वहिनी रोज संध्याकाळी उशी काखेत मारून शेजाऱ्यांच्या पडवीत निजायला जाऊ लागली. हे मला चतुर्थीला कळलं. आमच्या घराण्याचा गणपती एकच, थोरल्या घरात, आणि त्यासाठी मुंबईचे झाडून सगळे येतात. दुपारची जेवणं झाली होती. पुरुष पडवीत पत्ते खेळत होते, बायका आत संध्याकाळच्या मोदकांसाठी खोबरं खवत होत्या, त्यांत वहिनीही. मी दोन्हीच्या मध्ये उंबऱ्यावर टेकलो होतो. पत्त्यांत मला कुणी घेत नाही, मी पान टाकायला फार वेळ लावतो.

मुंबईच्या चुलतभावाची बायको आतून सरळ मला म्हणाली, "भावजी, वयनी लोकांच्या पडवेर निजता. तुमी तर लोकांची घरां बांधतास, मगे हिचा कशाक होणा नाय?"

मी सवयीने बोललो, "सगळ्यांच्या सह्या नाहीत." सभेतला आवाज लागला, प्रमाण मराठीसकट.

दादाने, म्हणजे आमच्यातल्या थोरल्याने, हातातलं पान खाली टाकलं. "आमच्या सह्या? मेल्या, आमी तुझी वाट बघतव!"

"माझी?"

"तू संस्थेतलो माणूस, कायदो तुका म्हायत. कागद पयलो तुझ्याकडे इलो नि तू करूक नाय. आमी म्हटलव, हेच्यात कायतरी भानगड असतली. म्हणान गप रवलव."

"तू बोलणंस नाय ना," धाकट्या चुलतभावाने भर घातली. "आमका वाटला, काय ता खोल असतला."

माझ्या आयुष्यात माझ्या मौनाला एवढी किंमत कधी आली नव्हती. खणातल्या कागदावरच्या एका कोऱ्या जागेवरून सगळं घराणं शहाणं झालं होतं, आणि एक बाई उशी घेऊन पावसातून चालत होती. कागद माझ्या पिशवीत होता. का आणला होता, कुणास ठाऊक. न वापरायची छत्री जवळ असावी तसा. मी तो काढला, मांडीवर ठेवला आणि सही केली.

तर दादा आणखी सावध. "आता कशाक केलंस? आता काय झाला?"

"काय झाला म्हणजे?"

"इतके दिवस करूक नाय, नि आता घाईघाईन करतंस. सरकारी रस्तो-बिस्तो जाता काय थयसून?"

धाकट्याने पुढे केलेला हात मागे घेतला. आता माझी सही असूनही उपयोग नव्हता. माझ्या सहीमागचं कारण हवं होतं. इतकी वर्षं दुसऱ्यांच्या सह्या मिळवल्या, पण कारण द्यायची वेळ माझ्यावर आली नव्हती. मी म्हणालो, "भानगड काय नाय. पयल्यापासून नाय हुती. माका थयसर बावीकडे घर बांधूचा हुता. म्हणान ठेवलंय अडवून."

मग दादा हसायला लागला. "तू? घर?"

आतून माझ्या बायकोचा आवाज आला. "नळाचो वायसर बदलूक शिमग्यापासून वेळ गावाक नाय, नि घर बांधतले!"

पडवीत हशा पिकला. हसता हसताच त्यांनी कागद फिरवला आणि पत्त्यांच्या गठ्ठ्यावर ठेवून एकेकाने सही केली. मला वाटलं होतं, कुणी तरी थुंकेल. कुणी थुंकलं नाही, ते जास्त लागलं. आतला खोबरं खवायचा आवाज मात्र मघाशीच थांबला होता, आणि तो अजून सुरू झाला नव्हता.

मी आत गेलो. वहिनी विळीवर बसली होती, नारळाची अर्धी खवलेली कवड हातात.

"वयनी, माझा चुकला," मी म्हणालो.

तिने वर बघितलं नाही. "परक्याच्या पडवेर उशी घेवन जाताना कसा वाटता, ता तुमका सांगान कळाचा नाय, भावजी." मग विचारलं, "सगळ्यांनी केल्यानी सह्या?"

"केल्यानी."

"मगे कागद हापिसात पाठवा. नायतर तोय भिजवन टाकशात."

दिवाळीनंतर घर मंजूर झालं. अध्यक्षांना मी ते "काही हिस्सेदार" कोण, हे सांगितलं. त्यांनी चष्मा काढून पुसला आणि म्हणाले, "पुढच्या ग्रामसभेत तुम्ही बोलू नका." नाही बोललो. कॅलेंडर अजून भिंतीवर आहे. डिसेंबर सरायची वाट बघतोय.

जागा वहिनीने निवडली, विहिरीच्या कडेचीच. पाणी जवळ, म्हणाली. संस्थेच्या नियमाप्रमाणे कुटुंबाने श्रमदान करायचं असतं. तो नियमही माझाच. वहिनीकडून घरचा माणूस म्हणून दर रविवारी मी जातो. चिरा उचलताना माझ्या तोंडून जे आवाज निघतात, ते ऐकायला शेजारची माणसं कुंपणाच्या दगडी गडग्यावर येऊन बसतात. गवंडी मला "सायेब" म्हणतो आणि त्यात आदर नाही.

परवा भिंत खिडकीच्या वर गेली. मी एक चिरा छातीशी धरून आणला आणि नुकत्याच लावलेल्या ओळीवर टेकवला. टेकवला कसला, टाकला. शेजारचे दोन चिरे हलले, ओली जोडणी फुटली. गवंडी काहीतरी बोलला, ते इथे लिहीत नाही. मी वाकून चिरा परत उचलायला लागलो.

वहिनी पाण्याची कळशी घेऊन येत होती. तिने कळशी खाली ठेवली.

"भावजी, तुमी जरा बाजूक रवा. गवंड्याक काम करूक देवा," ती म्हणाली. "एक पाऊस तुमच्यापायी गेलो. पुढच्याच्या आधी माका छपरार नळे चढवचे आसत."

मी बाजूला झालो.