ठिपक्यांतली अशोकची माय

दिवाळीच्या सकाळी मी माझ्याच घरात कोंडून पडलो. कोंडणारी माझी बायको. तिला जाऊन तेव्हा वर्ष उलटलं होतं.

टीव्ही असलेल्या घरी रविवारी सारा मोहल्ला गोळा व्हायचा, त्या काळातली ही गोष्ट. अशोकच्या मायचा (म्हणजे माझ्या बायकोचा, नाव घेऊन हाक मारायची आमच्यात पद्धत नव्हती) फोटो एकच. कुणाच्या तरी लग्नातला. त्यात ढीगभर बाया आणि हिचं तोंड हरभऱ्याच्या दाण्याएवढं! स्टुडिओवाला म्हणाला, मोठा केला तर नुसता धूर दिसेल. इकडे मला तिचं तोंड नीट आठवेनासं झालं होतं, आणि हे सांगायचं कुणाला?

अशोकला सांगितलं. पोरगा कॉम्प्युटर शिकलेला. त्यानं दोस्ताकडून तळहातावर मावेल असा एक खेळाचा डबा आणला. काचेवर वरून गोळे पडायचे, आपण बटणं दाबून ते चुकवायचे.

"बाबा, याच्यात आपला गेम आपल्याले लिहिता येते. गोळ्यांच्या मागं आईचा फोटो टाकतो."

"मायच्या तोंडावर गोळे पाडतं? लाज वाटते का तुले?"

"तोंडावर नाही, तोंडाच्या पुढून. आई मागं राहीन."

"ती कधी मागं राहिली होती गा?"

पण त्या डब्याला फोटो समजत नव्हता. त्याला फक्त काळं घर आणि पांढरं घर कळायचं. म्हणून अशोक भिंग घेऊन बसला आणि चौकटीच्या कागदावर आईचं एकेक घर काळं करत गेला. कागद दोन झाले. एकावर साधं तोंड. "अन् हा दुसरा काहून?" मी विचारलं. "गेम हरला का आई डोळे वटारीन!" (हे त्याला फोटोत पाहावं लागलं नाही. पाठच होतं.)

शेवटी डबा हातात आला. पाहिलं तर नुसत्या मुंग्या!

"बाबा, दुरून पहा."

दुरून मला डबाच दिसेना! मी चिडलो. "बंद कर थे! तुही माय अशी होती?" पोरगा हिरमुसला. कागद दिवाणावर टाकून निघून गेला.

दुसऱ्या दिवशी उमरेडहून एसटीनं माझी मोठी बहीण आली, आक्का. "वर्ष सरलं, नामू. आता दारात रांगोळी पडलीच पाहिजे." तिची नजर कागदांवर गेली. "काय सुंदर ठिपके काढले गा पोरानं!"

दिवाळीला सकाळीच मला पानठेल्यावरच्या तंबाखू-सुपारीच्या खर्‍याची तलफ आली. चप्पल घातली, उंबरठ्यावरून पाय उचलला आणि तसाच अधांतरी धरून उभा राहिलो. खाली अशोकची माय! डोक्यावर पदर, तेच जरासं वाकडं नाक, तीच मोठी टिकली. वरून पाहिलं तर हुबेहूब!

"आक्का! हे काय काढलं?"

"कमळ असन ना! कागदावर होतं थे काढलं." ती अजून खालीच बसलेली. जमिनीला नाक लावून काढणारीला काय दिसणार? मग ती उभी राहिली आणि तिनं वरून पाहिलं. "अगं माय... हे तं आपली शांता होय!"

दूधवाला रस्त्यावरच थांबला. "काकाजी, काकूवर पाय कसा देऊ?" फराळाची ताटं घेऊन आलेल्या बाया हात जोडून तिकडंच उभ्या. कुणीतरी झेंडूचं फूल वाहिलं. पुसायची छाती कुणाचीच नाही. बायांच्या मागून अशोक ओरडला, "दुरून पहा म्हटलं होतं ना, बाबा!"

पाहिलं. खूप वेळ पाहिलं. डोळ्यांत पाणी आलं. (रांगोळी गेली, असं आक्काला सांगितलं.)

पण तलफ ती तलफ! जितेपणी मी खर्‍याला निघालो की ही दारात उभी राहून विचारायची, "कुठं चालले जी?" आज तर दारात आडवीच पडलेली. मी हळूच मागे सरकलो, चोरासारखा स्वयंपाकघरातून गेलो आणि मागच्या दाराची कडी काढली.

आक्कानं दुसरा कागद वाया घालवला नव्हता.

मी चप्पल काढली, आत आलो आणि मुकाट चिवडा खाल्ला.